जरा उलटून दाखव

मागच्या कोजागिरीला, 6 ऑक्टोबर 2025 च्या रात्री, नागपुरात महाल भागातल्या आमच्या गच्चीवर दूध वाटून झालं, शेजारपाजारचे आपापल्या चटया गुंडाळून खाली गेले आणि मी फोन काढला. पॅरिसमध्ये शनेल या फॅशन कंपनीचा शो होता. मात्यू ब्लाझी हा त्यांचा नवा डिझायनर आणि त्याचा तिथला हा पहिलाच कार्यक्रम. ग्राँ पाले नावाच्या काचेच्या छपराच्या अवाढव्य वास्तूत त्यानं ग्रह टांगले होते. आतून उजळलेले, गोल गरगरीत. खाली काळी चकचकीत फरशी, आणि तिच्यावरून मुली चालत येत होत्या.

आई शेजारी बसून दुधाच्या पातेल्याची खरवड काढत होती. तिनं मान वाकडी करून बघितलं.

"हे काय, चंद्र का?"

"ग्रह आहेत आई."

"आजच्या दिवशी वर बघायचं सोडून," असं म्हणून तिनं पुन्हा उलथनं चालवलं. पण फोनवरची नजर काही हलेना. शेवटची मॉडेल आली ती रंगीबेरंगी पिसांचा भलामोठा घेरदार स्कर्ट आणि वर साधा टीशर्टसारखा झंपर घालून. चालता चालता ती हसायला लागली, टाळ्या वाजवत गिरक्या घ्यायला लागली.

"ही काहून हसून राहिली गं? बाकीच्या तर उधारी वसूल करायला निघाल्यासारख्या गेल्या." मग थोडं थांबून, "स्कर्ट छान आहे. जरा उलटून दाखव."

मी म्हटलं, आई, हा व्हिडिओ आहे, कापड नाही.

"तेच म्हणते मी. उलटून कोणी दाखवतच नाही."

आई एकतीस वर्षं घरी फॉल-पिकोचं काम करते. समोरच्या खोलीत एक पिकोचं मशीन, एक साधं मशीन, भिंतीला टेकवलेला साड्यांचा ढीग, प्रत्येक साडीला टाचणीनं लावलेली नावाची चिठ्ठी. फॉल आणला की ती आधी तो रात्रभर पाण्यात भिजवते, वाळवते, इस्त्री मारते आणि मगच साडीला लावते. घाईत कोणी न भिजवता लावला तर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि नेमका निऱ्यांपाशी काठ रुसल्यासारखा गोळा होतो. एकदा गोळा झालेला काठ कितीही इस्त्री मारली तरी सरळ होत नाही. लावताना सुलट्या बाजूनं टाका मुंगीच्या पावलाएवढा जरी दिसला, तरी ती तेवढा भाग उसवते. फॉल साडीच्या आत असतो, नेसल्यावर कोणाच्या बापाला दिसत नाही. म्हणूनच की काय, आईची सगळी इभ्रत तिथे गुंतलेली आहे.

त्यामुळे ती कापडाकडे कधी समोरून बघतच नाही. लग्नात एखाद्या बाईला "साडी फार सुंदर आहे हो वहिनी" म्हणता म्हणता तिचा अंगठा पदराची कड हळूच दुमडून मागची बाजू तपासून मोकळा झालेला असतो. समोरचीला वाटतं, कौतुक चाललंय. मला माहीत असतं, परीक्षा चालली आहे. ही खोड तिला तिच्या बाबांकडून आली. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात काढलेली ती मिल केव्हाच बंद पडली आणि आता त्या जागेवर त्याच नावाचा मॉल आहे. आजोबा कटपीस घेऊन घरी यायचे आणि मुलांना विचारायचे, सांगा, सुलटी बाजू कोणती? ज्याला ओळखता येईल त्याला पाच पैसे. आईनं बरेच पैसे कमावले असणार.

मी मात्र समोरूनच बघणारी. वर्षातून दोनदा माझ्या रात्री या शोंच्या नावे जातात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस, ठरलेल्या क्रमानं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षीचा वसंत-ग्रीष्म दाखवायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा शरद-शिशिर. दुकानदारांनी ऑर्डर द्यायच्या, कापड विणून यायचं, शिवून दुकानात पोचायचं, याला सहा महिने लागतात म्हणून ही उलटी गणती. तिकडे ती जुळतही असेल. इथे लोकरीचे घोट्यापर्यंतचे ओव्हरकोट माझ्या फोनवर येतात तेव्हा वर्धा रोडच्या कडेला पळस पेटलेला असतो आणि बाबा माळ्यावरून कूलर उतरवायला माणूस शोधत असतात. आमच्या वसंताला पंधरा दिवससुद्धा मिळत नाहीत. पळस फुलला, बघितला, की ऊन अंगावर धावून येतं.

कूलरवरून आठवलं. मागच्या सप्टेंबरात मिलानला बोत्तेगा व्हेनेता या कंपनीच्या शोमध्ये तिची डिझायनर लुईझ ट्रॉटरनं फायबरग्लासच्या धाग्यांचे स्वेटर आणि स्कर्ट आणले. चालताना ते असे थरथरत होते, जसं काही दिव्याची ज्योतच अंगात घातली आहे. मी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. आईला सांगितलं, फायबरग्लास आहे. ती म्हणाली, "आपल्या कूलरच्या बॉडीचं?" आता तो स्कर्ट आठवला की मागे पाण्याची मोटर सुरू झाल्याचा आवाज येतो.

खरं सांगायचं तर नागपूरचा रॅम्प मे महिन्यात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर असतो. पारा 45 च्या वर गेला की दुचाकीवरच्या तमाम बायका एकाच डिझायनरच्या हातून निघाल्यासारख्या दिसतात. अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट लपेटलेला दुपट्टा, वर गॉगल. सख्खी जाऊ शेजारी उभी असली तरी गाडीचा नंबर वाचूनच ओळख पटते. पण त्यातही डोकं चालवणाऱ्या असतात. एकदा एका मुलीनं फिक्या निळ्या सनकोटवर लाल बांधणीचा दुपट्टा असा बांधला होता की टोकाचं गोंड्याचं झुपकं बरोबर कानामागे यावं. सिग्नल हिरवा झाला तरी मी बघत राहिले आणि मागच्या ऑटोवाल्यानं माझा उद्धार केला. हाच दुपट्टा गळ्यात पुढून घालून दोन्ही टोकं पाठीवर सोडली, तर मध्यंतरी परदेशात त्याला 'स्कँडिनेव्हियन स्कार्फ' म्हणायला लागले होते. आपल्याकडच्या मुलींनी तेव्हा फार चिडून व्हिडिओ केले. मला राग आला नाही, हसू आलं. स्कँडिनेव्हियात दुपट्टा चाकात जाऊ नये म्हणून टोकं मागे बांधतात का, एवढंच विचारायचं होतं.

जे कपडे बघून लोक "हे कोण घालणार?" असं विचारतात, त्यांच्याबद्दल माझं उत्तर नागपुरी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळी, पिवळी, आणि त्यांच्याबरोबर बडगे. दर वर्षी नवा बडग्या, ज्याचा त्या वर्षी राग आला असेल त्याचा. तो बडग्या कोणी घरी नेऊन दिवाणखान्यात ठेवत नाही. गर्दीनं बघावा, ओरडावं, हसावं, एवढ्यासाठीच तो बांधलेला असतो. रॅम्पवरचे निम्मे कपडे हे बडगे आहेत. गेल्या ऑक्टोबरात मेझाँ मार्जिएला या फॅशन घराच्या शोमध्ये मॉडेलांच्या तोंडात धातूच्या चौकटी बसवलेल्या होत्या, ओठ चारी बाजूंनी ताणलेले. बघवत नव्हतं. कारण विचाराल तर, या घराच्या कपड्यांना लेबल चार कोपऱ्यांत चार पांढऱ्या टाक्यांनी लावतात, तेच चार टाके या वेळी तोंडाला लावले. ते टाके कपड्याच्या बाहेरून, पाठीवर दिसतात आणि जाणकार लोक त्यावरूनच किंमत ओळखतात. हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हे कच्चे टाके आहेत. काढायचे राहून गेले."

सुरुवातीला ते टाके सहज काढता यावेत म्हणूनच तसे घातले जात, हे मी नंतर वाचलं आणि आईला सांगितलं नाही. आधीच तिला कमी नाही.

नोव्हेंबरात पिनेचं प्रकरण झालं. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं रंगीत दोऱ्याच्या क्रोशानं मढवलेली एक सेफ्टी पिन ब्रोच म्हणून विकायला काढली, 775 डॉलरला. म्हणजे 70 हजारांच्या आसपास. आईच्या मंगळसूत्राला कायम तीन पिना असतात. एक मोठी, पदरासाठी. एक मधली, निऱ्यांसाठी. आणि एक अगदी बारकी, जी तिनं स्वतःसाठी कधीच वापरली नाही. ती दुसऱ्यांसाठी असते. कोणाच्या ब्लाऊजचं हूक तुटतं, कोणाच्या पोराची चड्डी सैल होते, लग्नात नवरीचा शेला घसरतो, तेव्हा आईचा हात गळ्याशी जातो. या पिनेला डॉक्टरांच्या बॅगेचा मान आहे. मला वाटलं होतं, 70 हजार ऐकून ती कपाळावर हात मारेल. तिनं फोटो मोठा करायला लावला.

"दोरा सुबक गुंफलाय. पण बाप्पा, ही साडीला लावली तर क्रोशात जरीची तार अडकेल. पैठणीचं वाटोळं." आणि विषय संपला. किमतीवर ती बोललीच नाही. गिऱ्हाइकाच्या खिशाबद्दल बोलायचं नाही, हा तिच्या धंद्याचा नियम.

कोल्हापुरीच्या वेळी मात्र बोलली. जून 2025 मध्ये याच प्राडानं मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, नाव कुठेच नाही. आपल्याकडे रान उठलं. या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. मग कंपनीनं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथेच 2000 जोड बनवायचं ठरवलं, साधारण 800 युरोला एक. मी बातमी वाचून दाखवली. आई काजाची सुई केसांत खोवत म्हणाली, "चांगलं झालं. आणि जोडामागे शिलाई किती?"

माझ्या स्वतःच्या अंगावर रॅम्प एकदाच आला. बबल स्कर्टची हवा होती, खालची कड आत दुमडून फुगा करायचा. मला कुर्ताच तसा हवा होता. टेलरभाऊंना फोटो दाखवला. त्यांनी टेप गळ्यात तसाच ठेवून विचारलं, "ताई, हा धुतल्यावर प्रेस कशी करसाल?" मी म्हटलं, ते मी बघते. त्यांनी फोटोत होतं त्यापेक्षा चांगला फुगा काढला, अस्तर आतून आखूड घेऊन, चुण्या एकसारख्या. दोष द्यायला जागाच नाही. पण मी तो घालून दुचाकीवर वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढले आणि आत वारा शिरला. पुढचे तीन किलोमीटर मी एका हातानं हँडल आणि एका हातानं विमान सांभाळत होते. ऑफिसात पोचले तेव्हा वॉचमन काकांनी आधी पोटाकडे बघितलं आणि मग आस्थेनं लिफ्टचं दार धरलं. तो कुर्ता सध्या उशीच्या खोळी करण्यासाठी आईच्या ढिगात आहे.

आईचं समाधान झालं असा शो एकच. तोही मुद्दाम दाखवला नव्हता. 30 मार्च 2023 ला डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीनं मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला होता, त्याचा जुना व्हिडिओ मी पुन्हा बघत होते. कमानीपुढे भरतकामाचं प्रचंड तोरण, डिओरच्या तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी यांचं कलेक्शन, आणि भरतकाम मुंबईच्याच चाणक्य या कारखान्याचं. पॅरिसमध्ये मिरवणाऱ्या कितीतरी कपड्यांवरचं मणीकाम, जरीकाम मुंबईत होतं, हे त्या निमित्तानं पुष्कळांना कळलं. पुढे त्या कामाचाच एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. लाकडी चौकटीवर कापड ढोलकीसारखं ताणलेलं. कारागिराच्या वरच्या हातात आरी, म्हणजे आकडा असलेली सुई, ती कापडात शिरते आणि दोरा वर ओढून आणते. दोरा पुरवणारा दुसरा हात कापडाखाली असतो. तो दिसत नाही, कारागीरही त्याच्याकडे बघत नाही. कॅमेरावाल्याला काय बुद्धी झाली, त्यानं कॅमेरा चौकटीखाली नेला. खालून सगळं दिसलं. गाठी, सोडलेली टोकं, एका पाकळीकडून दुसरीकडे गेलेले दोरे, आणि त्यांच्यातून वाट काढत फिरणारा तो हात.

आईनं मशीन थांबवलं. चष्मा पुसला. "हां," म्हणाली, "आता दाखवलं." मग दोनदा परत लावायला लावलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतःचा डावा हात मांडीवरच्या साडीखाली घालून बोटं तशी फिरवून बघितली.

डिसेंबरात रंगांच्या छटा ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीनं 2026 चा रंग जाहीर केला, 'क्लाउड डान्सर'. म्हणजे पांढरा. जगभर लोकांनी नाकं मुरडली, हा काय रंग झाला? नागपुरात मुरडणार नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते दर दसऱ्याला पांढऱ्या कपड्यांनी भरून जातात. त्याच्या आधीचा आठवडा आईला पाठ टेकायला वेळ नसतो. ढीगच्या ढीग पांढऱ्या साड्या येतात आणि प्रत्येक बाई सांगून जाते, काकू, दसऱ्याला नेसायची आहे, उशीर नका करू.

मी आईला बातमी सांगायला गेले, तेव्हा ती अशाच एका साडीला फॉल लावत होती. तिला आता सुईचं नाक नीट दिसत नाही, ओवायचं काम माझ्याकडे असतं.

"फोन ठेव आणि दोरा ओवून दे."

मी डब्यातलं पांढरं रीळ काढून ओवून दिलं. तिनं दोरा साडीवर आडवा ठेवला, खिडकीकडे वळवला, आणि सुई परत माझ्या हातात दिली.

"पांढरा मागितला का मी? ही साडी मोतिया आहे. ते दुसरं रीळ काढ. ते नाही, ते दुधी. त्याच्या बाजूचं."