पिटिशन नवऱ्याची, पळापळ माझी: माझा अनुभव

माझं दुसरं लग्न, नवऱ्याचंही दुसरंच. तो न्यू जर्सीत, अमेरिकन सिटिझन, मी फोंड्याला, पदरात एक मुलगी. लोकांना वाटतं सिटिझनशी लग्न केलं म्हणजे बॅग भरायची आणि विमानात बसायचं. नवऱ्याने मला तिकडे न्यायची पिटिशन, म्हणजे अमेरिकन सरकारकडे अर्ज, भरल्यापासून मुंबईत अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपर्यंत पोचायला आम्हाला वीस महिने लागले, आणि निम्मा जीव तर पहिल्या लग्नाच्या कागदांनीच खाल्ला.

गोव्यात लग्न म्हणजे रजिस्ट्रारकडे दोन सह्या, पहिली नोटिशीची, दुसरी लग्न पक्कं करणारी, हे इथल्यांना सांगायला नको. पण घटस्फोट झालेल्यांनी एक ऐका, कोर्टाची डिक्री हातात आली म्हणजे सुटलो असं नाही, पहिलं लग्न ज्या रजिस्टरात नोंदलंय तिथे त्या नोंदीच्या कडेला घटस्फोटाचा शेरा पडावा लागतो. माझ्या वकिलाने हे सांगितलंच नव्हतं. डिक्री सहा वर्षं कपाटात साड्यांखाली, आणि पहिल्या सहीची चौकशी करायला गेले तर काउंटरवरची बाई म्हणते, तुमचं लग्न अजून चालूच आहे की! मग सर्टिफाइड कॉपी काढ, दुसऱ्या तालुक्यात जा, साहेब मीटिंगला, उद्या या. शेवटी क्लार्कने ते भलंमोठं रजिस्टर ओढून काढलं, त्यात पंधरा वर्षांपूर्वीची माझी सही, गोल गोल अक्षरातली, शेजारी पहिल्या नवऱ्याची, आणि कडेच्या चार बोटं जागेत क्लार्कने बारीक अक्षरात शेरा लिहिला. दोन ओळी फक्त. एवढ्यासाठी सहा वर्षं!

नवऱ्याला रजा चार आठवडे. नोव्हेंबर २०२३च्या शेवटी पहिली सही, मग नोटिशीचे पंधरा दिवस थांबा, मधल्या रविवारी ३ डिसेंबरला कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात साधं लग्न, आणि १२ डिसेंबरला दुसरी सही. पिटिशनचा फॉर्म भरताना ह्याने लग्नाची तारीख टाकली ३ डिसेंबर, कारण फोटो सगळे त्याच दिवसाचे. मी म्हटलं, थांब, सर्टिफिकेट काय म्हणतंय ते बघ, कायद्याने आपण १२ला नवरा-बायको झालो. बदलून घेतलं. देवळातले फोटो पुरावा म्हणून लावले ते वेगळं.

जानेवारी २०२४ मध्ये हा फॉर्म, आय-१३०, भरला, तेव्हा फी ५३५ डॉलर. सोबत त्याची तिकडची डिव्होर्स डिक्री, माझी डिक्री आणि शेरा असलेला दाखला, कारण दोघांचीही आधीची सगळी लग्नं संपलीत हे दाखवावंच लागतं.

मोठी चूक इथे झाली, आणि ती आमचीच. माझ्या फॉर्ममध्ये मुलीचं नाव लिहिलंय म्हणजे ती माझ्याबरोबर येणार असं दोघांनीही धरून चाललो होतो. मे महिन्यात कुणाशी तरी बोलताना कळलं की सिटिझनच्या बायकोच्या पिटिशनवर मूल आपोआप येत नाही, त्याची वेगळी आय-१३० भरावी लागते, सावत्र मुलासाठी अट एवढीच की लग्न मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत झालेलं हवं. लग्न झालं तेव्हा ती १२ची होती म्हणून वाचलो. पण तोवर १ एप्रिलपासून फी वाढलेली, ऑनलाइनला ६२५! शिवाय पुढे व्हिसाची फी माणशी ३२५.

मुलीची कस्टडी माझ्याकडेच आहे, तरी वकील म्हणाला बापाची संमती नोटरी करून ठेवा. फोन करायला मला चार दिवस लागले. मडगावला नोटरीच्या बाकावर तो बसला, कागद वाचला पण नाही, सही केली आणि एवढंच विचारलं, "इस्कोल खंयचें?" मी शाळेचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली, स्कूटर काढली, गेला. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही मला.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट ऑफिसमधून, ते सोपं. सप्टेंबर २०२५ला, चवथ (गणेशचतुर्थी) उरकून, करमळीहून कोकणकन्या धरली, मेडिकल, बोटांचे ठसे, मग बीकेसीला कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. लग्नाचा अल्बम उगाच वागवला, खिडकीतल्या बाईने तो उघडलाच नाही. डिक्री मागितली, शेरा बघितला, पहिलं लग्न का मोडलं विचारलं. मग मुलीला विचारलं, ह्यांना तू काय म्हणतेस? ही म्हणाली, "काका." मला घाम फुटला, घरी बाबा म्हण म्हणून पढवलं होतं ना! पण तिने पुढे स्वतःच सांगितलं की काका रोज सकाळी सहाला व्हिडिओवर गणित शिकवतात आणि अपूर्णांकात स्वतःच चुकतात. बाई हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

व्हिसा सहा महिन्यांचा, मार्चपर्यंत. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत शिरलो तर ग्रीन कार्ड अटींवर, दोन वर्षांचंच, मग त्या अटी काढायला पुन्हा फॉर्म आणि ७५० डॉलर. १२ डिसेंबरनंतर उतरलो तर विमानतळावरच पक्कं करून देतात, फक्त तिथल्या ऑफिसरला तारीख दाखवायची. नवरा म्हणतो लगेच ये, पैसे जाऊ दे. मी म्हटलं वीस महिने थांबलास, आणखी तीन थांब, पुन्हा लग्नाचे पुरावे गोळा करत बसायची माझ्यात ताकद नाही.

तिकीट १५ डिसेंबरचं काढलंय. आई आत्तापासून सोलां (आमसुलं) पॅक करायला बसलीय. शेऱ्याचा कागद मात्र माझ्या हँडबॅगेत, तो चेक-इनच्या बॅगेत टाकायची माझी हिंमत नाही.