वहीतले तीन रकाने: भावासाठी आधार-आराखडा करताना

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांमुळे तो मोजकेच शब्द बोलतो. गेल्या वर्षी तो स्वतःला मारून घेऊ लागला, अडवायला गेलेल्याला चावू लागला, तेव्हा आम्ही त्याला हट्टी ठरवले. मी त्याचे हात घट्ट धरून ठेवत असे. त्याची खंत मला आजही आहे.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'हे थांबवायचे कसे' हा माझा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'हे केल्याने त्याला काय मिळते, किंवा काय टळते' असे विचारले. मग त्यांनी तीन रकान्यांची वही ठेवायला सांगितली: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. वेळ लिहायची, स्वतःचे मत लिहायचे नाही. हेच मला सर्वांत जड गेले. पहिल्या दोन पानांवर 'मुद्दाम केले' असे मी चार वेळा लिहून खोडले आहे.

तिसऱ्या आठवड्यात वही वाचताना लक्षात आले, की बहुतेक नोंदी जेवणानंतरच्या होत्या आणि मार नेहमी उजव्या गालावर, कानाच्या किंचित खाली बसत होता. दंतवैद्यांना तिथल्या किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू आढळला. त्याआधी एका ठिकाणी आम्हाला केवळ शांत ठेवणारे औषध वाढवून मिळाले होते. ज्याला सांगता येत नाही, त्याचे दुखणेही त्याच्या अपंगत्वाच्याच खात्यात जमा होते.

दाढ काढल्यावर मारणे पुष्कळ कमी झाले, परंतु अंघोळीच्या वेळी ते टिकून राहिले, कारण 'नको' म्हणण्याची त्याच्याकडे तेवढीच वाट होती. अशा वर्तनाच्या जागी तेच काम करणारा संवाद शिकवण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये मांडली होती. तिच्यानुसार त्याला उघड्या तळहाताचे चित्र असलेले 'थांबा' कार्ड दिले. सुरुवातीला तो ते दिवसातून कितीतरी वेळा दाखवी आणि डोक्यावर साबण असला तरी आम्ही थांबत असू, कारण मारण्यापेक्षा कार्डाने लवकर काम होते हे अनुभवल्याशिवाय त्याने ते वापरावे तरी का?

त्याला कसा आधार द्यायचा हे मांडणाऱ्या आराखड्याच्या पहिल्या पानावर त्याला काय आवडते ते लिहिले आहे. चावण्याचा उल्लेख तिसऱ्या पानावर येतो. वाचन त्याच्यासमोरच झाले. मध्येच त्याने कार्ड उचलले आणि आम्ही वाचणे थांबवले.