विमान घ्यायचंय? थांबा, आधी मतदान!

घरचं कुणी स्वित्झर्लंडला आलं की इंटरलाकेन ठरलेलं. युंगफ्राऊ, तलाव, चॉकलेट, फोटो, झालं. मी हल्ली पाहुण्यांना तिथून पुढे मायरिंगेनला पण नेतो, कारण तिथे डोंगराच्या पोटातून फायटर जेट बाहेर येतं आणि ते बघायला तिकीट लागत नाही, जे इथल्या भावात फार मोठं सुख आहे.

मायरिंगेनच्या एअर बेसला लागून उंटरबाख नावाचं गाव आहे. लाकडी घरं, गायी, आणि मधून एक साधा रस्ता, त्यावर आपल्याकडच्या रेल्वे फाटकासारखं फाटक. लाल दिवा लागला की सायकलवाले, ट्रॅक्टरवाले सगळे निमूट उभे राहतात, कुणी हॉर्न वाजवत नाही, आणि कड्यातल्या भुयारातून एफ/ए-18 हॉर्नेट हळूहळू बाहेर येऊन अगदी समोरून चाकांवर सरकत धावपट्टीकडे जातं. टेकऑफला छातीत थरथरतं. मागच्या वेळी शेजारी एक आजोबा उभे होते, त्यांनी खिशातून कानात घालायचे बोळे काढले, एक जोडी स्वतःला आणि एक न विचारताच माझ्या मुलाला. नेहमीचं गिऱ्हाईक!

तर या एवढ्याशा देशाच्या एअर फोर्सची गोष्ट एकदम भारी आहे, आणि माझ्या मते ती विमानांची कमी आणि पैशांवरून झालेल्या भांडणांची जास्त आहे.

सुरुवात 31 जुलै 1914 ची, महायुद्ध दारात. एअर फोर्स कसली, मूठभर सिव्हिलियन पायलट, काहींनी तर आपलीच विमानं आणलेली. त्यांचा चीफ पायलट ऑस्कर बिडर, ज्याने 1913 मध्ये आल्प्स ओलांडले होते. दुसऱ्या महायुद्धात तर गंमतच झाली, यांनी जर्मनीकडूनच मेसरश्मिट 109 फायटर विकत घेतली होती, आणि 1940 च्या मे-जूनमध्ये हद्दीत घुसलेल्या जर्मन विमानांशी त्याच विमानांतून लढून 11 पाडली. हिटलर भडकला, धमक्या आल्या, मग स्विस सैन्याचा प्रमुख जनरल गिसानने हवाई लढाया बंद करायला लावल्या. तटस्थ राहणं इतकं सोपं नव्हतं तेव्हा पण.

नंतर कोल्ड वॉरमध्ये डोंगर पोखरून विमानं आत ठेवायचं सुरू झालं. पायलट बरेचसे मिलिशियावाले, म्हणजे एरवी बँकेत नाहीतर इंजिनिअर म्हणून नोकरी आणि ठरलेल्या दिवशी येऊन हंटर हे ब्रिटिश फायटर जेट उडवायचं. मधे स्वतःचं जेट बनवायचा प्रयत्न पण झाला, पी-16 नावाचं, पण दोन विमानं बोडनझे तलावात पडली आणि 1958 मध्ये 100 विमानांची ऑर्डर रद्द. (छोटी ट्रेनर विमानं मात्र यांना छान जमतात. पिलाटस पीसी-7 मार्क 2 आपल्या एअर फोर्सने 2012 च्या करारात 75 घेतली, हैदराबादजवळ डुंडिगलला पोरं त्यावरच शिकतात, म्हणजे तुमच्या ओळखीतलं कुणी गेल्या काही वर्षांत पायलट झालं असेल तर पहिलं उड्डाण बहुतेक स्विस विमानातच.)

खरं लफडं मिराजचं. 1961 मध्ये 100 फ्रेंच मिराज फायटर मंजूर झाली, मग इथले लोक बसले त्यात स्वतःचे बदल करत, हे इलेक्ट्रॉनिक्स नको ते बसवा, आणि 1964 मध्ये सरकार संसदेपुढे गेलं की बिल फारच वाढलंय, अजून पैसे द्या. संसद खवळली, चौकशी समिती बसली, 100 ची 57 झाली, एअर फोर्सच्या प्रमुखाला जावं लागलं आणि पुढे संरक्षण मंत्र्यालाही. तेव्हापासून इथल्या माणसाला फायटर जेट म्हटलं की आधी बिल आठवतं.

आणि मग मतदान. हो, विमान घ्यायचं की नाही यावर! 1993 मध्ये सैन्यविरोधी गटाने भराभर सह्या गोळा करून हॉर्नेट रोखायला सार्वमत घ्यायला लावलं, ते हरले, 34 हॉर्नेट आली. 2014 मध्ये स्वीडनच्या 22 ग्रिपेन फायटरसाठी 3.1 अब्ज फ्रँक मागितले, 53.4 टक्के लोक म्हणाले नको. विषय संपला! सरकार, जनरल, कंपनी सगळे घरी.

यातली कमाल बघा. त्याच वर्षी 17 फेब्रुवारीला इथिओपियन एअरलाइन्सचं रोमला निघालेलं विमान त्याच्याच को-पायलटने पळवलं आणि पहाटे जिनिव्हाला आणून उतरवलं, बरोबर इटलीची आणि फ्रान्सची फायटर. स्विस कुठे होते? झोपलेले! एअर फोर्सने सरळ सांगितलं की आमची वेळ सकाळी 8 ते 12 आणि दुपारी दीड ते 5. जगभर हसू झालं, आणि तरी तीनच महिन्यांनी लोकांनी ग्रिपेनला नाही म्हटलं. 2020 संपता संपता कुठे चोवीस तास ड्युटी सुरू झाली, आता दोन हॉर्नेट 15 मिनिटांत उडायला तयार असतात.

माझा शेजारी रिटायर्ड आहे, तरुणपणी मिलिशियात हंटरचा मेकॅनिक होता. 2014 ला त्याने नाही म्हटलं आणि 2020 ला हो. का, तर हॉर्नेट म्हातारी झाली आणि मेकॅनिकला ते कळतं म्हणे. मला मत नाही, मी फक्त टॅक्स भरतो. 27 सप्टेंबर 2020 ला नव्या फायटर जेटसाठी 6 अब्ज फ्रँक द्यायचे का हा प्रश्न होता आणि हो म्हणणारे 50.1 टक्के, फरक 8,670 मतांचा! आपल्याकडे एखाद्या आमदारकीला याहून मोठं लीड असतं. त्यातही लोकांनी फक्त पैसे मंजूर केले, विमान कुठलं ते ठरलं 2021 मध्ये, अमेरिकेची 36 एफ-35.

आता परत मिराजचीच आठवण निघतेय. सरकार छातीठोकपणे सांगत होतं की किंमत फिक्स आहे, आणि 2025 मध्ये अमेरिका म्हणाली की फिक्स वगैरे काही नाही, तुमचा गैरसमज झाला, अजून पैसे लागतील. डिसेंबरात सरकारने जाहीर केलं की 6 अब्जांत जितकी बसतील तितकीच घेऊ, म्हणजे 36 विसरा. शेजारी म्हणतो, कमी तर कमी, आम्ही 6 वर हो म्हटलं होतं, त्यावर एक फ्रँक जरी मागितला तर सह्या गोळा करायला तो स्वतः बर्नच्या स्टेशनवर टेबल टाकून बसणार आहे.