लांबचं दिसतं, मग जवळचं का चुकतं?

मी रडारवर काम करतो हे कळलं, की इथे गोव्यात, फोंड्यात पहिला प्रश्न विमानांचा येतो. दुसरा हमखास हा: "एवढ्याशा हातातल्या रडारला इतके अँटेना लावता, ते ५० मीटरवरची गाडी बरोबर सांगतं, मग समोर उभा माणूस कसा चुकतो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अँटेना भरपूर आहेत, म्हणूनच चुकतो.

नागेशीच्या देवळाच्या तळीत खडा टाकून बघा. पायरीजवळ पडला तर लाट गोल येते, पायरीच्या मध्यावर आधी आपटते, टोकांना मागाहून. पलीकडच्या काठाशी पडला तर तीच लाट इकडे येईतो जवळजवळ सरळ झालेली असते. पायरीच्या जागी अँटेनांची रांग धरा: रडारचं दिशा काढायचं नेहमीचं गणित लाट सरळ आहे असंच धरून चालतं.

आता आकडे. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर, ३.९ मिलिमीटर. अँटेनांची रांग २० सेंटिमीटर लांब असली, तर एक मीटरवरच्या माणसाकडून परतणारी लाट रांगेच्या टोकाला मध्यापेक्षा ५ मिलिमीटर जास्त चालून पोचते. म्हणजे अख्ख्या तरंगाहून जास्त फरक! सगळ्या अँटेनांचे सिग्नल एकत्र केले की ते एकमेकांना खातात, आणि माणूस पडद्यावर पसरट, फिकट दिसतो. २० मीटरवर हाच फरक पाव मिलिमीटर उरतो, तो चालून जातो. पणजीत आल्तिनो टेकडीवरच्या हवामान खात्याच्या रडारला ही चिंताच नाही, त्याचे ढग कित्येक किलोमीटर लांब.

जिथून पुढे लाट सरळ धरली तरी चालते, ती हद्द रांगेच्या लांबीच्या वर्गाने वाढते. रांग निम्मी केली तर २० मीटरची ५ मीटर होते. म्हणून काही जण जवळचं बघताना मधलेच अँटेना वापरतात. बॅटरीवरच्या यंत्रात वीज वाचवायला तसं केलं तर समजू शकतो, पण मला पटत नाही. मोठी रांग घेतली ती बारकाव्यासाठी, आणि तोच घालवायचा?

खरा उपाय म्हणजे प्रत्येक अंतरासाठी वेगळा फोकस: टोकाचा उशीर हिशेबात धरून मगच बेरीज करायची. गणित वाढतं, प्रोसेसर तापतो. पण मोबदला असा, की एकाच दिशेला पुढेमागे असलेल्या दोन वस्तूही या फोकसनं वेगळ्या काढता येतात. सपाट लाटेत अंतराची ही खूण नसतेच.

शिवाय जवळच्या वस्तूला आणखी एक त्रास आहे, त्याबद्दल कुणी विचारत नाही. पाठवणाऱ्या अँटेनातून थोडा सिग्नल थेट शेजारच्या घेणाऱ्यात झिरपतो, थोडा कव्हरवरून परततो, आणि अगदी जवळचा प्रतिध्वनी त्यात बुडतो. ही गळती आधी मोजून वजा करता येते. पण आपल्या जूनमध्ये कव्हरवर पाण्याचा पातळ थर बसला, की मोजलेलं सगळं बदलतं. त्यामुळे पावसात मी आधी फडकं शोधतो, मग लॅपटॉप.