एक नंबरवाला जत्रेला गेलाय

गोव्यात रविवारी सकाळी कुणी आला नाही, तर त्याला कारण विचारायची सोय नाही. दिवाळी उलटली की जत्रा सुरू होतात, त्या वैशाखात शिरगावची लईराई होईपर्यंत. फातर्पा, म्हापशाचा बोडगेश्वर, मंगेशी, म्हार्दोळ. प्रत्येकाचं कुठल्या ना कुठल्या देवस्थानाशी नातं असतंच, आणि ते खोटं आहे असं कोण म्हणणार? पण आमच्या डिस्क गोल्फ क्लबची वही माझ्याकडे असल्यामुळे मला एक गोष्ट नक्की दिसते. ज्याच्या बॅगेला एक नंबरचा टॅग लागला, त्याची कुलदैवतं वाढतात.

टॅगची ही पद्धत आम्ही शोधलेली नाही, ठिकठिकाणच्या क्लबांत ती चालते. सभासदांना एकपासून पुढे नंबर घातलेल्या चकत्या द्यायच्या, त्या बॅगेला अडकवायच्या. दोघं टॅगवाले एकमेकांविरुद्ध खेळले की ज्याचे थ्रो कमी, लहान नंबर त्याचा. संपलं. ट्रॉफी नाही, प्रवेश फी नाही, दीपप्रज्वलन नाही. प्रमुख पाहुण्यांची वाट न बघता सुरू होणारी गोव्यातली ही बहुधा एकमेव स्पर्धा असावी.

खेळ तसा सोपा. गोल्फच, फक्त चेंडूच्या जागी डिस्क, म्हणजे हाताने फेकायची चपटी चकती, आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लोंबणारी बास्केट. ती आम्ही फोंड्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. साखळ्या किती लांब ठेवायच्या हे तीनदा विचारून झाल्यावर त्याने शेवटी विचारलंच, ‘वहिनी, पण ह्यात ठेवणार काय?’ या बास्केटचा मूळ पुरुष एड हेड्रिक. १९७५ साली त्याने कॅलिफोर्नियात पहिला कायमचा कोर्स, म्हणजे खेळायचं मैदान, उभा केला, दुसऱ्या वर्षी खेळाडूंची संघटना काढली. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या गेल्या. आमच्यात एक भटजी आहेत, पूजा आटोपून थेट माळावर येतात. हे ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘पाण्यात गेली तर विसर्जन. झाडावर अडकली तर मात्र पंचाईत.’

झाडावर अडकण्याची पंचाईत आमच्याकडे रोजचीच. आमचा कोर्स म्हणजे अर्धा उघडा सडा, कातळाचं पठार, आणि अर्धी भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, काजूची बागायत. काजूचं झाड उंच जात नाही, आडवं पसरतं, आणि त्याच्या फांद्यांत गेलेली डिस्क सहसा खाली येत नाही. या खेळात दोन मीटरचा एक नियम आहे. जमिनीपासून त्याहून वर डिस्क अडकली तर एक थ्रो दंड. पूर्वी तो सक्तीचा होता, आता स्पर्धा चालवणाऱ्याने जाहीर केला तरच लागू. म्हणजे आमच्यापुरता माझ्या वहीवर अवलंबून. नियम ठेवावा, असं आखूड फेकणाऱ्यांचं म्हणणं. काढावा, असं लांब फेकणाऱ्यांचं. यावर चर्चा करायला बसलो, तर हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली संपली, पण निकाल लागला नाही. शेवटी मी नियम ठेवला. मी आखूड फेकते.

मित्रामित्रांतली स्पर्धा चालवणं हे खऱ्या स्पर्धेपेक्षा अवघड काम आहे. खऱ्या स्पर्धेत नियमावर बोट ठेवता येतं. इथे ज्याच्यावर बोट ठेवायचं, त्याच्याच गाडीतून घरी जायचं असतं. आव्हान कुणी कुणाला द्यायचं, हा पहिला प्रश्न. कुणीही कुणालाही म्हटलं तर सगळे एक नंबरच्याच मागे लागतात, बाकीच्यांकडे कुणी बघत नाही. फक्त लगतच्या वरच्याला म्हटलं तर शेवटच्या माणसाचा हंगाम चढण्यातच जातो. म्हणून पाच नंबर वरपर्यंत कुणालाही आव्हान द्यावं, असं ठरलं. जागा ठरलेली, वेळ आव्हान देणाऱ्याने सांगायची. आणि नकार एकदाच. दुसऱ्यांदा जत्रा निघाली तर टॅग माझ्या डब्यात.

वेळेचा हा अधिकार मी सहज देऊन टाकला होता. त्याची किंमत कळली ती निवृत्त पोस्टमास्तर काकांना. सकाळी सड्यावर वारा नसल्यासारखाच, असला तर घाटाकडून येणारी झुळूक. दुपार कलली की समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो, आणि आमचे शेवटचे तीन होल, म्हणजे पहिल्या फेकीपासून बास्केटपर्यंतचे टप्पे, नेमके पश्चिमेला तोंड करून आहेत. काका आव्हान देतात ते नेहमी चार वाजताचं. समोर कंपनीत शिफ्ट करणारा दणकट पोरगा. तो ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, काढतो, दोन पावलं धावून झोकात फेकतो. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून, फेकलेली डिस्क एरवी शेवटी डावीकडे वळून बसते. पण समोरून वारा आला की ती जणू दुप्पट वेगाने फेकल्यासारखी वागते, पाठ पालटते आणि उजवीकडे निघते. उजवीकडे काजू. काका मात्र जाड कडेचा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, घेतात, कमरेच्या उंचीवरून सरळ ढकलतात, थोडं चालतात, पुन्हा ढकलतात. बास्केटपासून दहा मीटरच्या आत पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायचा थ्रो, मारल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नसतं. तिथे ते डोळे मिटल्यासारखे उभे राहतात, साखळ्या वाजल्या तरी हलत नाहीत. पोरगा तोवर झाडाखाली वाळलेली पानं पायाने उडवत असतो. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं मिळतात. घड्याळ काकाच लावतात, आणि दुसऱ्या मिनिटाला स्वतःही शोधायला जातात.

कमी जोराच्या खेळाडूंना सवलतीचे थ्रो द्यावेत, अशी सूचना अधूनमधून येते. मी ती वहीत लिहून ठेवते आणि तिथेच ठेवते. ज्यांच्यासाठी ती येते, त्यांनीच पोस्टमास्तरांकडे शिकवणी लावावी.

खरी मजा आठ-नऊ-दहाच्या आसपास असते. वरच्यांना गमावायची भीती, खालच्यांना कुणी विचारत नाही. मधले सतत भांडत असतात. एक नवरा-बायको आठ आणि नऊवर आलटून पालटून आहेत. तो हरला की ‘वाऱ्यामुळे’ म्हणतो, ती हरली की काही बोलत नाही, आणि त्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी जेवायला थांबू नये, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

फेब्रुवारीनंतर बागायतीतले होल बंद होतात, कारण बी गोळा करणारी माणसं येतात आणि तिथे त्यांचा हक्क पहिला. आमच्या हरवलेल्या डिस्क त्यांनाच सापडतात. त्यांतला एक जण दर आठवड्याला त्या आणून देई. ‘पात्रांव, तुमच्यो बशयो.’ गेल्या हंगामात कुणीतरी म्हणालं, फेकून बघ. आम्ही मारतो तसा बॅकहँड त्याने मारलाच नाही. तळ्यात खापरी फेकावी तशी बाजूने, मनगटाच्या झटक्याने डिस्क सोडली. तो फोरहँड होता, आणि आमच्यातल्या दोघांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो नाद सोडला होता. मी डब्यातला शेवटचा टॅग त्याला दिला.

आता त्याच्याकडे सहा नंबर आहे. नियमाप्रमाणे एक नंबरला थेट आव्हान देऊ शकतो, आणि द्यायचं त्याने ठरवलंय. फक्त काजू संपेपर्यंत त्याला सवड नाही. आमचा एक नंबरवाला अलीकडे बागायतीत जाऊन यंदा मोहोर कसा आहे, बी किती दिवस पडेल, याची चौकशी करू लागला आहे.