स्वप्नातलं धिरधिर

तबल्यावर 'धिरधिर' हा बोल वाजवताना माझं मनगट आखडायचं. आधी तळहाताची करंगळीकडची बाजू, मग अंगठ्याकडची, पुन्हा करंगळीकडची, असा हात शाईवर, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर, डुलत राहायला हवा. लय जरा वाढली की माझा हात डुलायचा थांबून आपटायला लागायचा. सर म्हणायचे, "अगं, खांदा सोड आधी." कळत होतं, वळत नव्हतं. त्यात ऑफिसातून घरी पोचायला साडेआठ वाजतात आणि नऊनंतर इमारतीत वाजवायला बंदी.

म्हणून मी ल्युसिड ड्रीमिंगच्या मागे लागले. म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं. हे थोतांड नाही. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल इथे कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे डोळे फिरवून स्वप्नातून खूण केली आणि ती यंत्रावर उमटली. स्वप्नांच्या झोपेत अंग लुळं पडलेलं असतं, डोळे मात्र फिरतात. मला खरी ओढ लागली ती एरलाखर आणि श्रेडल या संशोधकांच्या २०१० सालच्या प्रयोगामुळे. लांबून कपात नाणी टाकायची, एवढंच काम. ज्यांना रात्री स्वप्नात तो सराव जमला, त्यांचा नेम सकाळी सुधारला होता.

पहिले तीन आठवडे नुसती वही. जाग आली की हलायच्या आधी स्वप्न आठवायचं आणि लिहायचं. दिवसा दहा-बारा वेळा हाताकडे बघून मनापासून विचारायचं, 'मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?' पहाटे साडेचारचा गजर, वीस मिनिटं जागं राहायचं आणि 'पुढच्या स्वप्नात मला कळेल' असं घोकत पुन्हा पडायचं. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते, म्हणून ही वेळ. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे चुरचुरायचे, त्यामुळे हे फक्त शनिवार-रविवारीच ठेवलं.

पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं आणि आनंदाच्या भरात लगेच जाग आली. पुढच्या वेळी मात्र तयारीत होते. स्वप्न विरायला लागलं की तळहात एकमेकांवर घासायचे असं वाचलं होतं. वाजवण्याआधी हाताला पावडर लावल्यावर आपण घासतो, अगदी तसे घासले. आजोळच्या ओसरीवर बसले होते. समोर तबला, शाई पांढरीफटक. आवाज नीट येतच नव्हता, भिंतीपलीकडून आल्यासारखा. पण हात! मनगटात ताण म्हणून नव्हताच. धिरधिर किटतक, धिरधिर किटतक, हात पाण्यावर तरंगावा तसा चालला होता. मग मामेभाऊ येऊन बडबडायला लागला आणि सगळं विस्कटलं. डार्ट्सच्या एका प्रयोगातही असंच दिसलं होतं: स्वप्नात व्यत्यय आले त्यांना फायदा झाला नाही.

सकाळी दात घासायच्या आधी तबल्याशी बसले. तो सैलपणा हातात होता, चार आवर्तनं टिकला आणि गेला. पण तो कसा असतो हे आता हाताला ठाऊक होतं, म्हणून दिवसा मी लय उतरवून तोच शोधत राहिले. चार महिन्यांत अशी तीन स्वप्नं मिळाली. दम वाढला तो जागेपणीच्या रियाजानेच, नादही त्यानेच सुधारला. जो कायदा, म्हणजे तबल्यावरची ठरावीक बोलांची रचना, मी कधी बसवलाच नव्हता, तो स्वप्नात वाजवायला गेले तर बोल सुचेनात.

गेल्या महिन्यात सरांनी लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, लावला आणि लय वाढवत नेली. धिरधिर आलं तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे नाही, खांद्याकडे बघितलं. "सुटला," म्हणाले आणि पुढचा पलटा, म्हणजे त्याच बोलांची पुढची फिरवाफिरव, सांगितला.