पहिल्या बारा तासांच्या रात्रपाळीची तयारी : माझा अनुभव

बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात एकाच वॉर्डात खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीचे पेशंट असतात, शिवाय सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचेही. केस पेपर इंग्रजीत, भिंतीवरच्या सूचना कन्नडमध्ये, आणि पेशंट मराठी, कन्नड नाहीतर उर्दू बोलणारा. नर्सिंगमध्ये रात्री आठ ते सकाळी आठ अशी पहिली पाळी लागली तेव्हा मी औषधांची पुस्तकं पुन्हा वाचून काढली. त्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो एका कागदाचा आणि पंधरावीस कन्नड शब्दांचा.

कागद साधा ए-फोर, आडवा धरायचा. प्रत्येक पेशंटला एक ओळ. बेड नंबर, नाव, आयपी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक), निदान, चालू सलाईन, औषधांच्या वेळा, राहिलेल्या तपासण्या, आणि शेवटचा रकाना सकाळच्या सिस्टरांना सांगायच्या गोष्टींसाठी रिकामा. तो रात्रभर भरत जातो. हा कागद टेबलावर बसून भरू नये. आधीच्या पाळीच्या सिस्टर रिपोर्ट देतात तेव्हा त्यांच्याबरोबर बेडपाशी जावं. बाटलीत किती मिली उरलंय, सलाईनची जागा सुजली किंवा लाल झाली आहे का, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. लघवीची पिशवी मोजून रिकामी केली का, हे तिथंच विचारावं. संध्याकाळची लघवी पिशवीत तशीच राहिली तर रात्रीचा सगळा हिशेब चुकतो. लघवी कमी पडतेय हे लक्षातच येत नाही. मोठ्या माणसाला ताशी किलोमागे निदान 0.5 मिली लघवी हवी, म्हणजे 50 किलोच्या पेशंटला 25 मिली. त्याहून कमी दिसली की सकाळची वाट न बघता सिस्टरांना सांगायचं.

सलाईनचं गणित घरीच करून खिशातल्या वहीत लिहून ठेवावं. एकूण मिली गुणिले सेटचे थेंब (सलाईनच्या नळीतून एका मिलीला जितके पडतात तितके), भागिले मिनिटं. 500 मिली 8 तासांत द्यायचं आणि सेट 20 थेंबांचा असेल, तर 500 गुणिले 20 भागिले 480, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. तेच 4 तासांत द्यायचं तर 42. मायक्रो सेटला 60 थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. सेट कितीचा आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. अंदाजानं धरू नये. बाटलीला चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तासागणिक खुणा केल्या की लांबूनही कळतं. पेशंटनं कोपर दुमडलं की थेंब मंदावतात, आणि मागे पडलेलं सलाईन भरून काढायला नवी मुलगी नळीवरचा वेगाचा रोलर सैल करते. हे कधीच करू नका. वयस्कर किंवा हृदयाच्या पेशंटला तेवढ्यानंही धाप लागू शकते. किती मागे पडलंय ते सांगावं, पुढचा वेग सिस्टर किंवा डॉक्टर ठरवतील.

श्वास पूर्ण 60 सेकंद मोजा, नाडी धरलेली असताना, पेशंटला न सांगता. सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. रात्री सगळ्यांपुढं 20 लिहून टाकायची सवय वॉर्डावॉर्डात दिसते. मला ती फार वाईट वाटते, कारण पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी हाच आकडा हलतो. सेकंद काटा असलेलं घड्याळ त्यासाठीच लागतं. मनगटावर नको, खिशाला अडकवलेलं हवं, म्हणजे हात कोपरापर्यंत धुता येतात.

आता बोली. आमच्याकडं एका वॉर्डात तीन पाटील सहज सापडतात. "तुम्ही पाटील ना?" म्हटलं की झोपेतला माणूस हो म्हणतो. म्हणून "काका, पूर्ण नाव सांगा", कन्नड बोलणारे असतील तर "निम्म हेसरु हेळ्री", आणि मग मनगटाच्या पट्टीवरचा आयपी नंबर ताडून बघायचा. दुखण्याला 'नोवु' असं शिकवतात, पण खेड्यातली आज्जी 'ब्यानी' म्हणते. 'तली तिरगतैति' म्हणजे चक्कर येतेय, तिला एकटीला उठू देऊ नका. 'ओंदक्के' म्हणजे लघवीला जायचंय. 'गुळगी' म्हणजे गोळी. बेडवरून पडण्याचे प्रकार बरेचदा रात्री लघवीला उठतानाच होतात, त्यामुळे हा एक शब्द तरी पाठ असावाच.

इन्सुलिन सिस्टरांच्या नजरेखालीच भरायचं. मिलीला 40 युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची 40 ची सिरिंज लागते. 100 ची घेतली तर आकडा बरोबर दिसूनही डोस अडीचपट कमी जातो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये, ती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. सलाईनचे सेट लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. सुई टोचलीच तर बोट पिळू नका, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी.

दुपारी दोन-अडीच तास झोप. डब्यात भाकरी, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि जेवण रात्री बाराच्या आत. चहा दोननंतर नको, नाहीतर सकाळी घरी झोप लागत नाही. तीन ते पाच हा सगळ्यात जड वेळ. तेव्हा कुठलाही आकडा दोनदा मोजावा आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावा.

सहाला लघवीच्या पिशव्या मोजून रिकाम्या करायच्या, आत-बाहेरची (शरीरात किती गेलं, किती बाहेर पडलं) बेरीज लिहायची, आठला बेडपाशी रिपोर्ट द्यायचा. नावं असलेला कागद घरी नेऊ नये, वॉर्डातच फाडून टाकावा. रात्रपाळीनंतर दुचाकी चालवू नका, बसनं जा. आणि गणवेश तीन जोड ठेवा, जुलैच्या पावसात बेळगावात धुतलेला एप्रन दोन दिवस वाळत नाही.